रिमोट हॅम स्टेशन अडलं, तर शोधायचं कुठून?

नागपुरात फ्लॅटमधे राहून हॅम रेडिओवर एचएफ करणं, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवर बोलणं, लय कठीण झालंय. गच्चीवर वायर ताणायला सोसायटी हो म्हणत नाही, अन् म्हटली तरी ४० मीटर बँडवर एस-मीटर, म्हणजे रेडिओवरचा सिग्नलचा काटा, नुसत्या खरखरीनेच एस ७-८ च्या खाली उतरायला तयार नसतो, कारण आजूबाजूच्या घरांतले स्वस्तातले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर, अन् मार्च लागला की त्यात कूलरच्या मोटरी. यावर उपाय म्हणजे रेडिओ अन् अँटेना कळमेश्वर, काटोल नाहीतर उमरेडकडच्या शेतावर ठेवायची अन् आपण मनीषनगरात घरी बसून इंटरनेटवरून तो रेडिओ चालवायचा. मस्त प्रकार आहे, चालतो तोवर. अडला की मात्र माणूस पार गोंधळून जातो, अन् पहिलं वाक्य ठरलेलं, "नेट स्लो आहे वाटते."

बहुतेक वेळा नेट स्लो नसते. साधं गणित बघा नं: बिलकुल न दाबलेला आवाज १६ बिट अन् ८ किलोहर्ट्झने पाठवला तर सेकंदाला १२८ किलोबिट लागतात, ओपससारखा कोडेक (आवाज दाबून लहान करणारा प्रकार) लावला तर २०-३० किलोबिटमधे बोलण्याइतका चांगला आवाज जातो. रेडिओला "७.१०० मेगाहर्ट्झवर जा" हे सांगणारी कमांड तर फक्त काही बाइट्सची. म्हणजे १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन २०० चा केला तरी स्टेशनला काही फरक पडत नाही, फक्त बिल वाढते.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतलेला हौशी रेडिओवाला. आपल्याकडे हे काम दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे आहे, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (रेडिओवरची आपली ओळख) अन् ५० वॅटची मर्यादा, जनरल ग्रेडला व्हीयू२ अन् ४०० वॅट. परवान्यावर स्टेशनची जागा लिहिलेली असते, तेव्हा शेतावर रेडिओ नेण्याआधी कागदपत्रं नीट करून घ्या, रिमोटच्या अटीही विचारून घ्या, तो विषय इथे वाढवत नाही.

आता मुद्द्याचं. रिमोट स्टेशनमधे घर ते शेत अशी एक वाट नसते, तीन असतात, अन् त्या एकाच तारेतून जात असल्या तरी वेगवेगळ्या मरतात. एक कंट्रोलची, म्हणजे फ्रिक्वेन्सी, मोड, पॉवर बदलणारी. दुसरी आवाजाची, येणारा अन् जाणारा. तिसरी पीटीटीची, म्हणजे "आता बोलतोय, ट्रान्समिटवर जा" अन् "झालं, परत ये" हे सांगणारी. "स्टेशन बंद पडलं" असं म्हणायच्या आधी यातली नक्की कोणती वाट मेली हे बघितलं तर निम्मं काम तिथेच होते. डायल फिरतो पण आवाज नाही, तर नेटला शिव्या देण्यात अर्थ नाही, नेट चालू आहे म्हणूनच तर डायल फिरून राहिला, गडबड साउंड डिव्हाइसमधे नाहीतर आवाजाच्या पोर्टमधे. आवाज येतो पण डायल हलत नाही, तर सिरियल पोर्ट बघा. दोन्ही गेले, तर नेट, लाईन किंवा तिथला कॉम्प्युटर. अन् सगळं झकास चाललं होतं, पीटीटी दाबल्याबरोबर गेलं, तर हा चौथाच प्रकार आहे, त्याच्यावर खाली सविस्तर, कारण सगळ्यात जास्त लोकं त्यातच फसतात.

आधी सोपं उरकून घेऊ. डायल हलत नाही, स्क्रीनवर रिग कंट्रोल एरर किंवा हॅमलिबचा (रेडिओशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा) टाइमआउट येऊन राहिला. विंडोजमधे एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. लॉगिंगचा प्रोग्राम आधीच पोर्ट धरून बसला असेल तर डब्ल्यूएसजेटी-एक्सला (एफटी८ या डिजिटल मोडच्या प्रोग्रामला) तो मिळणार नाही, तुम्ही दहादा रिट्राय दाबा. यावर एफएलरिग नाहीतर हॅमलिबचा रिगसीटीएलडी मधे ठेवायचा, पोर्ट तो एकटा धरतो अन् बाकीचे सगळे त्याच्याशी नेटवर्कवरून बोलतात, रिगसीटीएलडीचा डिफॉल्ट नेटवर्क पोर्ट ४५३२. पण हा ४५३२ कधीही सरळ इंटरनेटवर उघडा टाकू नका, त्याच्या साध्या सेटिंगमधे पासवर्डच नसतो, ज्याला पत्ता सापडला त्याच्या हातात तुमचा ट्रान्समिटर.

दुसरं कारण बॉड रेट, म्हणजे सिरियल पोर्टचा वेग, अन् पत्ता. आयकॉमच्या आयसी-७३०० या रेडिओचा सीआय-व्ही (आयकॉमची कमांडची भाषा) पत्ता कारखान्यातून ९४ येतो, हेक्साडेसिमलमधे. तो कोणी बदलला असेल, किंवा सॉफ्टवेअरमधे चुकून शेजारचं मॉडेल निवडलं असेल, तर रेडिओ ऐकतो पण आपल्याला बोलावलंच नाही असं समजून गप्प बसतो. अन् तिसरं, यूएसबी काढून दुसऱ्या खाचेत लावली की कॉम ५ चा कॉम ८ होतो, हे तर रोजचंच. रेडिओ पूर्ण बंद असताना कमांडने चालू करायचा असेल तर एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, ७३०० ला पॉवर-ऑनच्या कमांडआधी एफई हा बाइट पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, ११५२०० च्या बॉड रेटवर १५० वेळा, ९६०० वर १३ वेळा. रेडिओ झोपलेला असतो, त्याला जागं व्हायला तेवढा वेळ लागतो. ज्या प्रोग्रामला हे माहीत नाही त्याचं बटण दाबून काहीच होत नाही अन् आपण समजतो की रेडिओ गेला.

आवाजाचं. इथे एक सापळा आहे जो ऐकल्याशिवाय कळत नाही. शेतावरच्या विंडोज कॉम्प्युटरला रिमोट डेस्कटॉपने जोडलं की विंडोज तिथली साउंड डिव्हाइसं बाजूला सारून "रिमोट ऑडिओ" पुढे करते, मग रेडिओचा यूएसबी कोडेक, म्हणजे त्याचं साउंड कार्ड, प्रोग्रामला दिसतच नाही. वॉटरफॉल, म्हणजे स्क्रीनवर सिग्नल दाखवणारा पट्टा, काळा. रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगमधे आवाज "रिमोट कॉम्प्युटरवर वाजवा" असं करा अन् तुमच्यापर्यंत आवाज आणायला मंबल किंवा सोनोबस वेगळा लावा. एफटी८ करणार असाल तर तेवढीही गरज नाही, डब्ल्यूएसजेटी-एक्स शेतावरच्याच कॉम्प्युटरवर चालू द्या, घरून फक्त स्क्रीन बघा. एफटी८ चे स्लॉट १५ सेकंदांचे असतात, घड्याळ सेकंदभर जरी इकडेतिकडे झालं तरी डिकोड गळायला लागतात, अन् इथे घड्याळ महत्त्वाचं ते शेतावरच्या कॉम्प्युटरचं, तुमच्या लॅपटॉपचं नाही.

आवाज तुटून राहिला असेल तर विचारा, कोणाला तुटका येतो? तुम्हाला बँड तुटका ऐकू येतो पण समोरचे म्हणतात "५९, एकदम साफ", तर शेताचा अपलोड नाहीतर तुमचा डाउनलोड बघा. समोरच्यांना तुमचा आवाज तुटका जातो पण तुम्हाला सगळं साफ येते, तर तुमच्या घरचा अपलोड. घरात कोणी फोनचे फोटो क्लाउडवर चढवून राहिलं असेल तर राउटरमधे पॅकेटची रांग लागते अन् आवाज त्या रांगेत अडकतो, स्पीड टेस्टमधे हे दिसत नाही. त्यापेक्षा दोन-तीन मिनिटं सलग पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते) चालू ठेवा अन् सरासरी नका बघू, आकडे किती उड्या मारतात ते बघा. सतत ६० मिलीसेकंद असेल तर काही त्रास नाही, बफर ते झेलतो. २०, मग २५०, मग ३०, मग एक गायब, असं असेल तर मात्र आवाज फाटणारच, तेव्हा बफर वाढवा, अन् शेतावर सिमकार्डवाला राउटर असेल तर त्याची जागा बदला, पत्र्याच्या शेडमधून काढून खिडकीत नाहीतर बाहेरच्या अँटेनावर. एका बाजूचा उशीर १५० मिलीसेकंदाच्या आत असला तर बोलताना अडत नाही, टेलिफोनसाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेनेही हीच शिफारस केलेली आहे. अन् एकाच शहरातली दोन कनेक्शनं असली तरी कंपन्या वेगळ्या असतील तर पॅकेट मुंबईला जाऊन परत येऊ शकते, बर्डीवरून धरमपेठेत जायला व्हाया मुंबई, त्याचं नवल वाटून घेऊ नका. उशीर हळूहळू वाढतच चालला, सुरुवातीला अर्धा सेकंद अन् तासाभराने चार सेकंद, तर तो टीसीपीवरून (हरवलेलं पॅकेट परत मागवत बसणारी पद्धत) आवाज पाठवल्याचा किंवा दोन्हीकडच्या साउंड कार्डांचे सॅम्पल रेट न जुळल्याचा परिणाम, एकीकडे ४४१०० अन् दुसरीकडे ४८००० आहे का ते बघा.

आता तो चौथा प्रकार. ऐकायला सगळं छान, पीटीटी दाबला की दोन सेकंदात कनेक्शन गायब, किंवा माउस आपोआप पळतो, किंवा साउंड कार्ड नाहीसं होते अन् विंडोज तो टुंग आवाज करते. लोकं राउटर बदलतात, यूएसबी हब बदलतात, विंडोज परत टाकतात. अरे बाप्पा, नेटला काय माहीत तुम्ही पीटीटी दाबला ते? ट्रान्समिटला अडते म्हणजे एकतर आरएफ, म्हणजे आपल्याच ट्रान्समिटरची रेडिओ ऊर्जा, तारांमधून आत घुसतं, नाहीतर पॉवर सप्लाय वाकतो. दोघांतला फरक ओळखायला डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) पुरते. अँटेना काढून डमी लोडवर पूर्ण १०० वॅट द्या. त्यावर सगळं ठीक चाललं अन् अँटेनावर अडलं तर आरएफ. डमी लोडवरही अडलं तर व्होल्टेज बघा, ७३०० पूर्ण पॉवरला १३.८ व्होल्टवर २१ अँपियरपर्यंत घेतो, अन् उन्हाळ्यात सगळीकडे पंप अन् कूलर चालू असताना गावातला २३० चा दाब १८० वर आला असेल तर हलका एसएमपीएस पॉवर सप्लाय दम तोडतो. डमी लोडसाठी तिथे जाणं शक्य नसेल तर घरूनच पॉवर १० वॅटवर आणा अन् बँड बदलून बघा. १० वॅटला अडत नाही अन् १०० ला फक्त २० मीटरवरच अडते, ४० वर नाही, तर जवळपास नक्की समजा आरएफच आहे, एखादी तार त्या बँडवर बरोब्बर अँटेनाच्या लांबीची होऊन बसलीय.

हे आरएफ येते कुठून? कोएक्सच्या, म्हणजे रेडिओ ते अँटेना जाणाऱ्या केबलच्या, आतून नाही, बाहेरच्या जाळीवरून, यालाच कॉमन मोड करंट म्हणतात. एका टोकाने फीड केलेली वायर अँटेना, म्हणजे ती एंड-फेड, लावायला सोपी म्हणून शेतावर सगळे तीच लावतात, अन् अर्धवट लावलेली एंड-फेड या त्रासाची सगळ्यात मोठी खाण आहे. तिला काउंटरपॉइज (परतीच्या करंटसाठीची दुसरी तार) नसला तर कोएक्सची जाळीच अँटेनाचा उरलेला भाग बनते अन् तो "अँटेना" तुमच्या टेबलापर्यंत, यूएसबी केबलपर्यंत येतो. उपाय दोन ठिकाणी करायचा: कोएक्सवर चोक, म्हणजे हा बाहेरचा करंट अडवणारी गुंडाळी, डायपोल असेल तर अगदी फीडपॉइंटला, एंड-फेड असेल तर खोलीत शिरायच्या आधी, अन् यूएसबी केबल, ॲडॉप्टरची तार, लॅनची केबल या सगळ्यांवर फेराइट (चुंबकी मटेरियलची कडी). एचएफसाठी ३१ नंबरच्या मिक्सचा फेराइट घ्या. अन् फेराइटला केबल नुसती एकदा ओवून काही होत नाही, वेढे घ्या, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, तीन वेढे घेतले तर एका वेढ्याच्या साधारण नऊपट. टीव्हीच्या केबलवर येणारा तो छोटा काळा मणी एचएफवर फार काही करत नाही. यूएसबी केबल मीटरभराचीच ठेवा, चांगल्या शील्डची, लांब केबलची गुंडाळी करून टेबलामागे टाकू नका.

याच्यातूनच सगळ्यात धोक्याची भानगड निघते. पीटीटी कमांडने दिला, रेडिओ ट्रान्समिटवर गेला, आरएफने यूएसबी लटकली, आता "परत ये" ही कमांड पोचणारच नाही. रेडिओ बसला तिकडे कॅरियर सोडत, तुम्ही इकडे हात चोळत. म्हणून रेडिओच्या मेनूतला टाइम-आउट टायमर लावूनच ठेवा, ७३०० मधे तो ३ मिनिटांपासून लावता येतो, रेडिओ स्वतःहून थांबतो, कोणाच्या कमांडची वाट बघत नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्समधला वॉचडॉग चांगला आहे पण तो कॉम्प्युटरमधे बसलेला, कॉम्प्युटर अन् रेडिओचं बोलणंच बंद झालं तर तो काय करणार. पीटीटी कमांडऐवजी सिरियल पोर्टच्या आरटीएस लाइनवरून दिला तर यूएसबी सुटल्यावर बहुतेक वेळा ट्रान्समिटही सुटतो, तेव्हा माझं मत आरटीएसकडे झुकतं. अन् शेवटचा हात म्हणून रेडिओच्या एसएमपीएसला स्मार्ट प्लग, कॉम्प्युटरपेक्षा वेगळा.

आता समजा शेतावरच्याच वायफायवर असताना सगळं चालते अन् बाहेरून, म्हणजे घरून, काहीच उघडत नाही. शेतावरच्या राउटरच्या पानावर जा, वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच खरा पत्ता कितीतरी गिऱ्हाइकांत वाटलाय. आयपीव्ही४ चे एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, ते संपले, म्हणून २०१२ मधे ही मालिका खास यासाठीच राखून ठेवली. अशा वेळी राउटरमधे कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, आयकॉमच्या रिमोट सॉफ्टवेअरचे ५०००१, ५०००२, ५०००३ सगळे उघडा, बाहेरून येणारी पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, ती कंपनीच्या दारातच अडते. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मामला शेतावरचाच असू शकतो, कंपनीच्या डब्याच्या मागे तुमचा राउटर, म्हणजे नॅटच्या मागे नॅट, एक ब्रिज मोडवर टाका.

सीजीनॅटवर मार्ग तीन. जास्तीचे पैसे देऊन स्टॅटिक आयपी घ्या, मिळत असेल तर. किंवा आयपीव्ही६ वापरा, त्यात प्रत्येकाला खरा पत्ता मिळतो, पण दोन्हीकडे आयपीव्ही६ लागते अन् राउटरच्या फायरवॉलमधे वाट द्यावी लागते. किंवा टेलस्केल, झीरोटियर, वायरगार्ड यातलं एखादं व्हीपीएन लावा, ज्यात दोन्ही टोकं आतून बाहेर जोडतात म्हणून बाहेरून दार उघडायची गरजच पडत नाही. वायरगार्डसाठी निदान एका टोकाला खरा पत्ता लागतो, नाहीतर मधे भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागतो, अन् कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांत बसलेलं कनेक्शन नॅट विसरून जाते. सुरुवात करणाऱ्याला मी डोळे मिटून टेलस्केल सांगतो. पण त्याचे पत्तेही त्याच १०० च्या मालिकेतले असतात, ते बघून सीजीनॅट समजून घाबरू नका. टेलस्केल पिंग मारून बघा, "व्हाया डर्प" दिसलं तर तुमचा आवाज थेट न जाता त्यांच्या मधल्या सर्व्हरवरून फिरून जाऊन राहिला, चालेल पण उशीर वाढेल.

लाईन जाणं हा विषय आपल्याकडे वेगळाच. लाईन गेली, पाच मिनिटात आली, पण स्टेशन आलं नाही. काहून? कारण कॉम्प्युटर बंद झाला तो बंदच राहिला. बायोसमधे "एसी पॉवर परत आल्यावर चालू हो" असं सेटिंग असते, ते लावा. लॅपटॉपमधे ते बहुतेक नसते म्हणून शेतावर लॅपटॉप ठेवायच्या मी विरोधात आहे, शिवाय मे महिन्यात पत्र्याखाली बॅटरी फुगते ते वेगळंच. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर लाईन येताच आपोआप उठतो, पण अचानक लाईन गेल्याने त्याचं मेमरी कार्ड खराब होऊ शकते, छोटा यूपीएस लावा अन् कार्डची एक कॉपी करून ठेवा. लाईन आल्यावर राउटरने कॉम्प्युटरला वेगळाच आयपी दिला अन् तुमचं फॉरवर्डिंग जुन्याच आयपीकडे बोट दाखवून राहिलं, हेही नेहमीचं, राउटरमधे पत्ता राखून ठेवा. अन् राउटरच लटकला तर स्मार्ट प्लगला सांगणार कसं, तोही त्याच वायफायवर नं? त्यासाठी पिंग मिळाला नाही की राउटरला स्वतःच बंद-चालू करणारा प्लग येतो, तो लावा.

उन्हाचं सांगायला नको, नवतपात बाहेरच ४५ च्या पुढे असते, शेडमधे त्याहून जास्त. दुपारी तीनला स्टेशन मरून संध्याकाळी आपोआप जिवंत होत असेल तर सॉफ्टवेअरमधे काही शोधू नका, एसएमपीएसला हवा द्या, पॉवर ३० वॅटवर आणा. खोलीत कूलर मात्र लावू नका, ती ओल रेडिओच्या काही कामाची नाही. अन् मे-जूनच्या संध्याकाळी ढग आले की रिमोटने अँटेना ग्राउंड करणारा रिले असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका, जवळ वीज पडली तर रिलेतली ती मिलीमीटरभर फट काहीच अडवत नाही. कोएक्स हाताने काढून बाहेर टाकायला सांगा.

सांगायला म्हणजे तिथे कोणीतरी हवं. शेतावर राहणाऱ्या काकांना "मॉडेमचा पीओएन दिवा बघा" म्हटलं तर ते काय समजणार, पण प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात १, २, ३ लिहून ठेवलं असेल तर "काका, २ नंबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का हिरवा?" एवढ्यात काम होते. अन् पुढच्या वेळी शेतावर गेलात की सगळं चालू असतानाच मुद्दाम मेन स्विच पाडा, लॅनची केबल ओढा, यूएसबी काढून लावा, अन् मोबाईलच्या डेटावरून बघा काय आपोआप परत येते अन् काय नाही.